एक्कावन्नावी रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

ही वही वैजयंतीनं दिली. पोरगी माझी, कुर्डुवाडीला रेल्वेत आहे. तिला वाटतं आईनं काहीतरी लिहीत जावं. मला बसून लिहायचा कंटाळा. पाचवीपर्यंत शाळा झाली, पुढं मी शाळा सोडली का शाळेनं मला, ते आता आठवत पण नाही.

पण यंदा लिहायचं काम गळ्यात पडलंय. पुण्याच्या क्लबातनं चेतनामॅडमचा फोन आला. त्यांच्या गोल्फच्या स्पर्धेची, दख्खन चषकाची, यंदा पन्नासावी खेप. पुस्तक काढणार आहेत, त्यात आमच्या चादरीचं एक पान. "राजाबाई, चादर कशी विणता, कोण विणतं, जुन्या आठवणी, सगळं लिहून ठेवा." मी म्हटलं, फोनवर विचारा की, पाच मिनटात सांगते. "नको, तुमच्या हातचंच पाहिजे."

बरं. त्यांना द्यायचं ते दुसऱ्या कागदावर उतरवीन. ही वही माझी.

५ नोव्हेंबर

पहिली गोष्ट मामंजींची. सासऱ्यांनी ती इतक्यांदा सांगितली की मला माझ्या लग्नापेक्षा नीट आठवते.

साल १९७५. मामंजी खांद्यावर चादरींचा गठ्ठा घेऊन पुण्यात दारोदार विकायचे. त्या दिवशी क्लबाच्या फाटकाबाहेर टेकले होते. आत पहिली स्पर्धा संपलेली. जिंकला कोण, तर तिथलाच एक कॅडी. म्हणजे साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी पाठीवर वाहणारा. वाहता वाहता शिकला आणि बक्षिसाच्या पैशासाठी खेळणाऱ्यांतला सगळ्यात वरचा झाला. पण बक्षीस व्हरांड्यात, आणि अंगात कोट नसला तर व्हरांड्यात पाय ठेवायचा नाही असा नेम. ह्याच्याकडं कोट कुठला? डिसेंबरची थंडी, नुसत्या शर्टावर पायरीखाली उभा. आत बसलेले म्हणतात, खालीच देऊन टाका त्याला.

मामंजी उठले, गठ्ठा सोडला, एक चादर त्याच्या खांद्यावर टाकली आणि राखणदाराला म्हणाले, "घ्या. अंग झाकलंय. आता वर जाऊ दे."

तो चादर घेऊन वर गेला. पुढच्या वर्षी क्लबानंच चादर मागवली.

तेव्हापासनं ती रीत. चषक पाहुणा देतो, पण चादर घालतो सगळ्यात जुना कॅडी. जिंकलेल्यानं पुढच्या साली पहिला फटका मारायला तीच चादर पांघरून यायचं, ऊन असो का काही असो. चादरीच्या काठाला मधोमध दर सालाची एक वीत-दीड वीत आडवी रेघ, ही मामंजींची कल्पना. आणि शेवटची गाठ सोलापूरच्या बाईनं मारायची. चादरीच्या टोकाला धागे सुटे राहतात, त्यांना आम्ही दशा म्हणतो. त्या सगळ्या इथं बांधून न्यायच्या, एक सोडून. ती एक दशा मैदानावर बसून, शेवटचा चेंडू भोकात पडल्यावर बांधायची. तोवर चादर कुणाचीच नाही. आधी सासूबाई मारायच्या. चोवीस वर्षं झाली, मी मारते.

खेळ काय मला अजून कळत नाही. लिंबाएवढा चेंडू, वाटीएवढं भोक, त्यासाठी चार दिवस मैलोनमैल चालायचं. टाळ्यासुद्धा हळू वाजवतात, जशी कुणाची झोपमोड होईल.

१२ नोव्हेंबर

चनबसप्पांचा हात लई सावकाश झालाय. गल्लीत सगळे यंत्रमाग, आमचा एकच हातमाग, तोही ह्या एका चादरीसाठी ठेवलेला. चनबसप्पा चाळीस वर्षं आमच्याकडं आहेत. अक्कलकोटच्या पलीकडले, घरात कानडी, माझ्याशी मराठी. आमचे मालक, वैजयंतीचे वडील, होते तेव्हा दोघं आळीपाळीनं मागावर बसायचे. आता एकटेच धोटा सारतात, तो लाकडी होडीसारखा, पोटात सुताची कांडी.

डोळ्यात सारा पडलाय, मोतीबिंदू. मी म्हटलं, "दाखवा की डॉक्टरला."

"चादर झाल्यावर."

"चादर व्हायला डोळं लागत्यात ना?"

"बोटं लागत्यात, राजव्वा."

असं बोलणं. ह्यांच्यापुढं डोकं आपटून घ्यावं.

मला घाई आहे ती उगाच नाही. चेतनामॅडम आज खरं बोलल्या. पैसे घालणारी नवी कंपनी म्हणते, पुढच्या सालापासनं चादर बंद करून चांगला कोट द्या, सगळ्या मोठ्या देशांत तसंच असतं. हसू का रडू? कोट नव्हता म्हणून तर चादर आली. मॅडम म्हणाल्या, यंदा टीव्हीवर काठ जवळनं दाखवणार, एकेक रेघ मोजणार, पन्नास. "कंपनीचे साहेब समोर असतील. राजाबाई, एवढं नीट झालं ना, मी भांडते चादरीसाठी."

माझ्या हातात असताना ही रीत बुडायला नको. मामंजींना वर जाऊन काय सांगू?

२१ नोव्हेंबर

आज चादर मागावरनं उतरली. मी काठ मांडीवर घेतला आणि ज्वारीचे दाणे ठेवत रेघा मोजल्या. एक्कावन्न. परत मोजल्या. एक्कावन्न. आजवर कधी मोजल्या नव्हत्या. माझं काम दशांचं, रेघांचं मला काय.

आणि सगळ्या लाल रेघांत एक पांढरी. रंग न दिलेल्या कोऱ्या सुताची. शेवटाकडनं सहावी.

"चनबसप्पा, हे काय केलंत? एक्कावन्न झाल्यात."

"व्हय. एक्कावन्नच."

"खेप पन्नासावी हाय. पन्नास पायजेत."

"खेपा पन्नास. वर्सं एक्कावन्न."

"वर्सं कोन मोजतंय? आनि ही पांढरी मधीच कुटनं आली? लाल सूत संपलं व्हतं का?"

ते जवळ आले, खाली बसले, आणि न बघता बरोबर त्या रेघेवर बोट ठेवलं. "राहू दे ती."

"डोळं गेल्यात तुमचं, वर मलाच शिकवताय. टीव्हीवर मोजनार हायत."

बोट काढलं नाही त्यांनी. मग म्हणाले, "मागल्या चार चादरींत पन हाय की ती. चारी बारीला तूच गाठी मारल्यास. बघितली न्हाईस?"

"मी दशा बघते. मला काय काम रेघांचं?"

माझ्याकडं असं बघितलं जशी मी दुसऱ्याच घरातली बाई आहे. "मला वाटलं, तुला म्हायती हाय," एवढंच म्हणाले. टोपी घातली, डबा उचलला आणि गेले. डबा उघडलासुद्धा नव्हता.

चुकी करायची वर तोंड फुगवायचं. पुरुष सत्तरीचा झाला तरी तसलाच.

२२ नोव्हेंबर

काढली. सुई घालून एकेक धागा उचलला आणि ओढला. तीन धागे होते रेघेत. मधे फट पडली, तर फणीनं पुढच्या पाच रेघा दाबून मागं सारल्या, पाण्याचा हात फिरवला, इस्त्री केली. कुणाच्या बापाला कळणार नाही. पन्नास.

धागा बाकी चिवट होता. दोन बंबात टाकले. एकानं हे पेन वहीला बांधलं, सारखं हरवतंय म्हणून.

२५ नोव्हेंबर

चार दिवस झाले, चनबसप्पांचा पत्ता नाही. त्यांच्या खोलीवर गेले, तर कुलूप. शेजारीण म्हणाली, बहिणीकडं गेले, मायाक्काकडं, गावी. फोन बंद.

जाऊ दे. मीसुद्धा काही पाय धरायला बसले नाही.

तरी ते एक बोलणं डोक्यात फिरतंय. खेपा पन्नास, वर्सं एक्कावन्न. हिशेब बरोबर आहे. २०२० ला स्पर्धा झाली नाही. पण जी झालीच नाही तिची रेघ कशाला? त्या साली काहीच झालं नाही. सप्टेंबरात मालक दवाखान्यात गेले ते गेलेच, मला तोंडसुद्धा बघू दिलं नाही. काचेच्या पलीकडनं पिशवी दाखवली. मी ते साल मोजतच नाही.

२ डिसेंबर

दशा बांधून झाल्या. एक सोडली. पाठ गेली.

वैजयंतीचा फोन. तिला सगळं सांगितलं, तर म्हणते, "आई, चनबसप्पाकाकांना विचारलंस का, का घातली होती?"

"विचारलं की. काय बोलतच न्हाईत."

"तू विचारलं नसशील. तू झापलं असशील."

"दोन्ही एकच."

"नाही गं आई, एक नाही."

पोरगी नोकरीला लागली की आईला शिकवायला लागते.

११ डिसेंबर, पुणे

सकाळी पहिला फटका. गेल्या सालचा जिंकलेला गडी चादर पांघरून आला. उन्हात घाम निथळत होता, पण पांघरली. हे बघितलं की बरं वाटतं. मी नेहमीच्या झाडाखाली. मालक होते तेव्हा त्यांचा पाय इथं ठरायचा नाही, कॅडी लोकांत जाऊन बसायचे, त्यांच्यात जेवायचे. मी एकटी बसून वैतागायचे. आता ते नाहीत तर एकटीच आहे, म्हणजे फरक काय? असं म्हणायचं आणि गप बसायचं.

आजच्या दिवशी आणखी लिहिण्यासारखं नाही. शेंगादाणे बरे होते.

१३ डिसेंबर

शनिवारी खेळ संपला की कॅडी लोक चादर बघायला येतात. मालक गेल्यावर सुरू झालेली रीत. एकेक जण येतो, वाकतो, काठाला बोट लावतो आणि कपाळाला. मला वाटायचं, देवाला लावतात तसंच, बाकी काय.

शिवराज सगळ्यात जुना कॅडी, मूळचा सांगोल्याचा, पासष्टीचा असेल. उद्या चादर तोच घालणार. तो पहिला वाकला. बोट काठावरनं नेलं. परत नेलं. तिसऱ्यांदा नेलं. मागं सगळे थांबलेले.

"वैनी, रेघ कुटं गेली?"

"कुटली रेघ? पन्नास हायत, मोजून घ्या."

"पांढरी वो. कुंडलिकदादांची."

मी म्हटलं, काय?

"आवो, त्या साली खेळ झाला न्हाय, दादा गेलं. चनबसप्पांनी पुढच्या साली चादरीत पांढरी रेघ घातली. त्या साली ते सोता आलते तुमच्या संगं, आमाला हात धरून दावली. म्हनले, हितं कुंडलिक हाय." मग माझं तोंड बघून त्याचा आवाज खाली आला. "तुमाला ठावं न्हवतं?"

मी म्हटलं, "मी काढली ती."

कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. मागचा एक म्हातारा बोट लावायला आलेला, त्यानं हात तसाच खिशात घातला. शिवराज म्हणाला, "चला रं, वैनींना इसावा घेऊ द्या," आणि सगळ्यांना घेऊन गेला.

२०२१ ला चनबसप्पा माझ्याबरोबर आले होते, खरं आहे. मला आठवतंय काय, तर गाडीत खिडकीवरनं मी त्यांच्याशी भांडले.

१४ डिसेंबर, रविवार

झालं. एक उंच पोरगा जिंकला, नाव पाठ झालं नाही. शेवटचा चेंडू पडला, लोकांनी हळू टाळ्या वाजवल्या आणि माझ्याकडं बघितलं.

सकाळपासनं एकच विचार होता. पेनाचा तो धागा. वीत-दीड वीत असेल. शेवटच्या दशेत घालून गाठ मारली तर? वही पिशवीत होती, पिशवी मांडीला लागून. हात आत घातला पण. धाग्याला शाई लागलेली, मळलेला, पिळवटलेला. उपटून टाकलेला धागा गाठीत कोंबायचा आणि म्हणायचं झाली भरपाई? हात बाहेर काढला. साधी गाठ मारली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा दोनदा सोडून बांधावी लागली.

टीव्हीवाल्यानं काठाजवळ कॅमेरा नेला, एकानं इंग्रजीत रेघा मोजल्या, पन्नास म्हटल्यावर सगळे खूश. कंपनीचे साहेब येऊन माझा हात हलवून गेले. चेतनामॅडमच्या डोळ्यात पाणी. "राजाबाई, कोट रद्द! चादरच राहणार!"

मी म्हटलं, बरं.

शिवराजनं चादर घातली. नीट घातली, खांदा जुळवून. दरवर्षी घालायच्या आधी तो काठ कपाळाला लावायचा, ते आज नाही. बाकीचे कॅडी हात खाली सोडून उभे होते.

पोरगा पायऱ्या चढून गेला. आता ती चादर त्याच्याबरोबर विमानानं कुठं जाईल तिथं. मागून घेऊन ती रेघ परत विणता यायची नाही.

१९ डिसेंबर

अक्कलकोटला गेले, तिथनं जीप, तिथनं चालत. मायाक्काचं घर दोन खणांचं, पुढं लिंबाचं झाड. ती मला ओळखत नाही तरी "बर्री, बर्री" म्हणत आत घेतलं, घोंगडं अंथरलं, "कूड्री" म्हणून बसवलं. तिला मराठी येत नाही, मला कानडी. हसत राहिलो दोघी.

चनबसप्पा आतनं भिंत धरत आले. एका डोळ्याला पट्टी. सोलापूरला येऊन डोळा करून गेले आणि मला कळवलं पण नाही.

"कोन, राजव्वा?"

"व्हय."

"गाठ नीट बसली?"

पहिलं तेच विचारलं. मी म्हटलं, "बसली."

"पन्नास मोजल्या?"

"मोजल्या. कोट बंद केला त्यांनी. चादरच ऱ्हानार."

"चांगलं झालं की," म्हणाले. आणि खरंच मनापासनं म्हणाले, तेच मला सहन होईना.

मी म्हटलं, "तोंडानं सांगायला काय झालं व्हतं तुमाला? मालकांची रेघ हाय म्हनून? एक शब्द. मी काय राकशीन हाय का?" मी माफी मागायला गेले होते आणि वर आवाज चढवून बसले. मायाक्का स्वयंपाकातनं डोकावली.

ते म्हणाले, "सांगायचं काय त्यात? आजारी पडायच्या आदल्या दिवशी कुंडलिक मागावर बसला व्हता. धोट्यात त्याची कांडी तशीच ऱ्हायली, कोऱ्या सुताची, उरलीसुरली. दुसरं कोन भरनार त्यात? दर साली तीन धागं काडायचो. यंदा बरोबर तेवडंच निघालं. संपली."

संपली. मी त्यातले दोन बंबात घातले.

"रेघ मी घालायचो," ते म्हणाले, "गाठ तू मारायचीस. मला आपलं वाटायचं, दोगं मिळून करतोय."

मला लई बोलायचं होतं. पाच वर्षांत एकदासुद्धा कुणापुढं बोलले नाही ते सगळं. तोंडातनं आलं काय, तर "जेवलात का?"

"जेवलो. तू?"

मग मी वही काढली. पेनाचा धागा सोडला, दातानं सोडवावा लागला, गाठ माझीच. त्यांच्या हातावर ठेवला. ते दोन बोटांत धरून पुढं-मागं फिरवत राहिले. पट्टीचा डोळा, दुसऱ्यात सारा, तरी लगेच कळलं त्यांना. वितीनं मोजला.

"एवडाच?"

"एवडाच."

बोटाला गुंडाळला, सदऱ्याच्या खिशात चष्म्याच्या घरात ठेवला. "माग आता होनार न्हाई माझ्यानं, राजव्वा. कुनीतरी बघ. शिकवायला ये म्हनलीस तर येतो, पन सोडायला गाडी पायजे." आणि जरा हसले.

निघताना मनात आलं, अर्धा तुकडा मागावा. त्यातला वीतभर माझ्याकडं असावा. उंबऱ्यात थांबले पण. मागता आलं नाही. कुठल्या तोंडानं?

२३ डिसेंबर

चेतनामॅडमनं पुस्तकाचं पान फोनवर पाठवलं. चादरीचा मोठा फोटो, खाली लिहिलंय, "पन्नास स्पर्धा, पन्नास रेघा, एकही चूक नाही." ठीक आहे का म्हणून विचारलं.

मी फोन केला. म्हटलं, "रेघा एक्कावन्न लिहा. एक मी उपटून काढली असं लिहा. आमच्या मालकांची होती."

त्या म्हणाल्या, "राजाबाई, फोटोत पन्नासच दिसतायत हो. लोक मोजतील. आणि असं... असं पुस्तकात नाही लिहिता येत."

"बरं. मग नका लिहू."

म्हणून इथं लिहिते. १९७५ पासनं धरून शेवटाकडं या, सेहेचाळिसावी रेघ कोऱ्या सुताची होती. तीन धाग्यांची. कुंडलिकच्या हातची कांडी, चनबसप्पाचं विणणं. एका बाजूनं तिसावी दशा आणि दुसऱ्या बाजूनं तिसावी, ह्या दोन्हींच्या मधे कुठंही बोट ठेवलं तरी ती लागायची, पाचही चादरींत. मी एकदाही ठेवलं नाही.

आज मागाची खोली झाडली. धोटा मागावरच होता, रिकामा. उचलून कपाटात ठेवायला गेले आणि होता तिथंच ठेवला.

पेन बांधलेलं नाही, सकाळपासनं हरवलंय. हे पेन्सिलीनं लिहितेय.